मंडळीत आरोग्य व सेवा गट सुरू करायचाय : आधी कॅम्प की आधी घरभेट?

नगरची_लेक
सर्वांना सलाम, जय ख्रिस्त.

आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) पास्टरेट कमिटीने, कारभार बघणाऱ्या समितीने, यंदा 'आरोग्य व सेवा गट' सुरू करायचं ठरवलंय आणि ते काम माझ्याकडे आलंय. मंडळी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), नगर भागातली (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात नगरच). साधारण दीडशे कुटुंबं. मी शाळेत शिकवते, वैद्यकीय शिक्षण नाही. पण मंडळीत दोन निवृत्त सिस्टर आहेत, एक औषधाच्या दुकानात काम करणारा मुलगा आहे, महिला मंडळ खमकं आहे.

कमिटीला आरोग्य शिबिर हवंय. मंडप, बॅनर, डॉक्टरांचा सत्कार, शे-दोनशे लोकांची शुगर तपासणी. माझं मत वेगळं आहे. शिबिरात एखाद्याची शुगर तीनशे निघते, त्याला चिठ्ठी मिळते, आणि पुढे तो डॉक्टरकडे गेला का, गोळ्या परवडल्या का, हे कोणी विचारत नाही. आणि ज्यांना खरी गरज आहे ती माणसं शिबिराला येऊच शकत नाहीत. ती घरात खाटेवर आहेत, किंवा खाटेवरच्या माणसापाशी अडकलेली आहेत.

आपल्याकडे ही सेवा काही नवी नाही. मिरजेचा मिशन दवाखाना १८९४ सालचा. आमच्या जिल्ह्यात वडाळ्याचा दवाखाना. तिथे काम करताना डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना दिसलं की बरी होऊन गेलेली माणसं तीच दुखणी घेऊन परत येतात. दुखण्याचं मूळ गावात आहे म्हणून ते गावाकडे वळले आणि १९७० साली जामखेडला त्यांनी काम उभं केलं. मला वाटतं, दवाखाने उभे राहिले तसं आपण मंडळीच्या लोकांनी आजाऱ्याकडे बघायचं काम त्यांच्यावर सोपवून टाकलं. आता बरेच मिशन दवाखाने कसेबसे चाललेत आणि मंडळीला ती सवयच उरलेली नाही.

ज्यांच्या मंडळीत असं काही चालू आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. सुरुवात कशाने केली, काय टिकलं, काय बंद पडलं?

सोलापुरी_चादर
चांगला धागा. वाचतोय.

मिरजेची_सिस्टर
लेकी, तुझं बरोबर आहे. माझं सगळं शिक्षण मिरजेला झालं, नोकरी जन्मभर वॉर्डात. वॉर्डात पेशंट आपल्याकडे येतो, तेव्हा तो घरी कसा राहतो ते दिसत नाही. निवृत्त झाल्यावर मंडळीतल्या घरांत जायला लागले तेव्हा ते दिसायला लागलं.

एक उदाहरण सांगते. एक आजी, एकट्या राहतात. बीपीच्या गोळ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. मी डबा पालथा केला. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या, तीन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या, आणि तिन्ही पट्ट्यांच्या मागे बारीक अक्षरात औषध एकच, अ‍ॅम्लोडिपिन. आजी तिन्ही घेत होत्या. पायाला सूज, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. आजी म्हणायच्या, "आता वय झालं, चालायचंच." पट्ट्या घेऊन आम्ही दोघी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी एक ठेवली, बाकीच्या बंद केल्या. आठवड्याभरात सूज उतरली. हे कुठल्या शिबिरात कळलं असतं?

पण शिबिराला सरसकट नाही म्हणू नकोस. कमिटीला शिबिर हवंय तर करू दे. फक्त अट घाल : ज्याचा आकडा वाईट येईल त्याचं नाव आणि फोन लिहून घ्यायचा, आणि महिन्याभरात गटातलं कोणीतरी त्याच्या घरी जायचं. तेवढी माणसं नसतील तर शिबिर लहान करायचं.

पाचूबंदर
मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे सेंट व्हिन्सेंट दे पॉल सोसायटी पॅरिशमध्ये (आमच्या चर्चच्या हद्दीत) आहे. ही १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केली. मूळ पद्धत अजून तीच : दोघादोघांनी घरी जायचं, एकट्याने नाही. त्याचे फायदे तिथे गेल्यावरच कळतात. एकजण आजाऱ्याशी बोलतो, दुसरा स्वयंपाकघरात सुनेशी. खरी माहिती बहुतेक वेळा स्वयंपाकघरात मिळते. शिवाय पुढे कोणी पैशावरून वगैरे काही बोललं तर साक्षीला माणूस असतो.

११ फेब्रुवारीला आमच्याकडे आजाऱ्यांचा जागतिक दिवस असतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी तो ठरवून दिला, १९९३ पासून पाळतात. त्या दिवशी आजारी माणसांना गाड्यांतून चर्चमध्ये आणतात, मिस्सा (आमची उपासना) होते, फादर तेल लावून प्रार्थना करतात. पूर्वी तेलाचा संस्कार म्हणजे शेवट आला असंच धरायचे. फादर दारात दिसले की बायका रडायला लागायच्या, म्हणून घरचे शेवटच्या श्वासापर्यंत फादरांना बोलवायचेच नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर हा संस्कार गंभीर आजारी कोणालाही, ऑपरेशनच्या आधीसुद्धा, देतात. पण मनातली भीती जायला फार काळ लागला. ती गेली घरी नेहमी येणाऱ्या माणसांमुळे. नेहमी येणारा माणूस दारात दिसला तर कोणी दचकत नाही.

आणि एक. आजाऱ्यापेक्षा आजाऱ्याचं करणाऱ्याकडे बघा. आमच्या वाडीत एक बाई सासूचं करते, सासूला कशाचीच आठवण नाही. तिला मिस्साला जाता येत नव्हतं. आता दर रविवारी कोणीतरी दोन तास सासूजवळ बसतं आणि ती जाते. पहिल्या रविवारी ती मिस्साला न जाता नुसती बाजारात फिरून आली म्हणे. आम्ही म्हटलं, चालेल, तेही कर!

कापूसकोंड्या
>> खरी माहिती बहुतेक वेळा स्वयंपाकघरात मिळते
याला +१००. आणि चहापण तिथेच मिळतो.

जालना_जंक्शन
थोडं वेगळं मत मांडतो, कोणी रागावू नये. मंडळीचं पहिलं काम वचन आणि प्रार्थना. याकोबाच्या पत्रात (५:१४) आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना (जाणत्या पुढाऱ्यांना) बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं सांगितलंय. बीपीचं मशीन आणावं असं सांगितलेलं नाही. डॉक्टर आहेत, सरकार आहे, संस्था आहेत. मी पाहिलंय, असे गट सुरू होतात आणि दोन वर्षांत त्यांची एनजीओ होते. प्रोजेक्ट, अहवाल, फोटो. प्रार्थना मात्र शेवटच्या पाच मिनिटांत.

निवृत्त_पाळक
जालनाभाऊ, प्रार्थना मागे पडते ही तुमची तक्रार मला मान्य आहे. पण तुम्ही दिलेलं वचनच पुन्हा वाचा. बोलावल्यावर वडिलांना त्या घरी जावं लागणार, खाटेजवळ उभं राहावं लागणार, हाताने तेल लावावं लागणार. म्हणजे घरभेट त्या वचनातच आहे. आणि हिज्कीया राजाच्या आजारपणात (२ राजे २०) देवाने प्रार्थना ऐकली, त्यानंतर यशयाने गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला सांगितलं. प्रार्थना ऐकली गेल्यावरसुद्धा पोटीस लागलंच. पौलाबरोबर लूक वैद्य होता, आणि तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने उपाय लिहून पाठवला.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. पहिल्या मंडळीतली कुरकुर कशावरून झाली? रोजच्या वाटणीत विधवांची आबाळ होते यावरून. प्रेषितांनी ती उडवून लावली नाही. वचनाची सेवा सोडून आम्ही पंगती वाढणं योग्य नाही असं म्हणाले, आणि त्या कामासाठी सात जाणती, चांगल्या नावाची माणसं निवडली. हे काम पाळकाने एकट्याने करायचं नाही, पण ते मंडळीचंच आहे, हे तिथे ठरलं.

मी सेवेत असताना दर महिन्याला घरभेटी करायचो. दीडशे घरं आणि एक पाळक. एका घरी वीस मिनिटं, त्यात चहा, प्रार्थना, पुढचं घर. अशाने कोणाचं काही कळत नाही. गट हवाच.

पिंपळपान
मी ख्रिस्ती नाही, तरी लिहितो. आमची आई मिरजेच्या मिशन दवाखान्यात महिनाभर होती, मी लहान होतो. रात्री एक सिस्टर तिच्या उशाशी बसून असायच्या. आम्हाला कोणी धर्म विचारला नाही, बदला असंही कोणी म्हणालं नाही. ते ऋण आहे म्हणून विचारतो. हा गट फक्त मंडळीच्या लोकांसाठी असणार का? भिंतीला भिंत लागून दुसऱ्या धर्माचा शेजारी असेल तर? आणि आमच्यासारख्याला मदत करायची असेल तर चालेल का?

नगरची_लेक
पिंपळपान, मनापासून धन्यवाद. भिंतीपलीकडचा शेजारी आजारी असेल आणि त्याने हाक मारली तर जायचंच. जामखेडला तर सुरुवातीपासून गावातल्या सगळ्या जातिधर्मांच्या बाया आरोग्य कार्यकर्त्या होत्या, कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. नियम मात्र पक्का ठेवणार : सेवेच्या बदल्यात कोणाकडून काही अपेक्षा नाही, आणि न विचारता प्रार्थना नाही. घरी आपली माणसं असोत की शेजारची, "प्रार्थना करू का?" असं विचारायचं. नको म्हणाले तर नको.

आणि तुमची मदत का नाही चालणार? दवाखान्यात न्यायला गाडी आणि रांगेत उभं राहायला माणूस, याचीच तर वानवा असते.

जालना_जंक्शन
>> "प्रार्थना करू का?" असं विचारायचं
हे मला पटलं. पण "सेवा चालू आहे, प्रार्थना राहू दे" असं पुढे होणार नाही याची काळजी घ्या एवढंच माझं म्हणणं.

अबोली२१
प्रार्थनेवरून आठवलं, आणि हे लिहिलंच पाहिजे.

मला स्तनाचा कर्करोग निघाला तेव्हा मी मंडळीतल्या एकाच मैत्रिणीला सांगितलं होतं. त्या रविवारी उपासनेत आजाऱ्यांच्या यादीत माझं नाव, पुढे आजाराचं नाव, वाचलं गेलं. मी तिथेच बसले होते. सासूबाईंना अजून सांगितलं नव्हतं, त्या शेजारी बसल्या होत्या. घरी पोचेपर्यंत नातेवाइकांचे फोन. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. सगळ्यांनी खरंच प्रार्थना केली. पण माझी बातमी मी कोणाला आणि कधी सांगायची हे माझ्या हातातून गेलं. त्यानंतर उपचार संपेपर्यंत मी त्या मंडळीत गेले नाही.

गट सुरू करताना पहिला नियम हा करा. प्रत्येकाला विचारा : नाव घ्यायचं का? आजार सांगायचा का? कोणाला सांगायचं? तिन्ही वेगवेगळे प्रश्न आहेत. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर काहीच नाही. रिपोर्टचे फोटो तिथे फिरताना पाहिलेत मी.

मिरजेची_सिस्टर
अबोली, बाळा, वाईट वाटलं वाचून. आता तब्येत कशी आहे?

वॉर्डात आम्हाला पहिल्याच वर्षी हे शिकवलं जायचं, पेशंटची गोष्ट वॉर्डाबाहेर नाही. मंडळीत मात्र सगळे आपलेच म्हणून सगळं सगळ्यांचं होऊन बसतं. लेकी, अबोलीचे तीन प्रश्न कागदावर छापून घे आणि गटातल्या प्रत्येकाला दे.

अबोली२१
बरी आहे ताई. तपासणी वेळच्या वेळी चालू आहे. आता दुसऱ्या मंडळीत जाते.

शांतारस
हा धागा मंडळ्यांच्या सगळ्या कमिट्यांना पाठवायला हवा.

इलिनॉयची_मावशी
मी मूळची सांगलीकडची, नर्सिंग केलं आणि आता बरीच वर्षं अमेरिकेत शिकागोजवळ. इथे या कामाचं एक नीट शास्त्र झालंय, त्याबद्दल लिहिते.

ग्रेंजर वेस्टबर्ग नावाचे लुथरन पाळक होते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी शिकागोच्या बाजूला पार्क रिज इथल्या लुथरन जनरल हॉस्पिटलबरोबर सहा मंडळ्यांत एकेक नर्स नेमली. मंडळ्या प्रॉटेस्टंट होत्या तशा कॅथलिकही. नर्सच्या पगाराचा मोठा वाटा सुरुवातीला हॉस्पिटलने उचलला आणि मंडळीने तो हळूहळू आपल्याकडे घ्यायचा असं ठरलं. पुढे हे काम देशभर पसरलं. १९९८ साली अमेरिकन नर्सेस असोसिएशनने त्याचे निकष प्रसिद्ध केले, म्हणजे नर्सिंगची एक शाखा म्हणून त्याला मान्यता मिळाली.

यातली महत्त्वाची गोष्ट : ही नर्स मंडळीत इंजेक्शन देत नाही, ड्रेसिंग करत नाही. ती ऐकते, समजावते, योग्य ठिकाणी पाठवते, स्वयंसेवक तयार करते आणि डिस्चार्ज झालेल्या माणसाच्या मागे राहते. हॉस्पिटलमधून घरी आल्यावरचे पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे. कागदावर आठ औषधं, त्यातली दोन नवी, दोन बंद केलेली, आणि घरी जुना साठा. मिरजेच्या सिस्टरांनी सांगितलेला बिस्किटाचा डबा इथेही सापडतो, फक्त तो कुकीजचा असतो.

नर्सने सलाईन-इंजेक्शन सुरू केलं की तिचा दिवस त्यातच जातो आणि ऐकायला वेळ राहत नाही. शिवाय काही बिघडलं तर जबाबदारी कोणाची हा प्रश्न येतोच. म्हणून नगरच्या लेकीला माझा सल्ला : तुमच्या निवृत्त सिस्टरांना लोक "घरीच सलाईन लावून द्या" म्हणणार. पहिल्या दिवसापासून नाही म्हणा.

एक गोष्ट मला इथे खटकते तीही सांगते. पगार बंद झाला की कित्येक मंडळ्यांत नर्सही गेली आणि काम थांबलं. आपल्याकडे महिला मंडळं पगाराशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालली आहेत. ती ताकद इथे मला क्वचितच दिसली.

कापूसकोंड्या
मावशी, कुकीजच्या डब्यात आमच्याकडे सुई-दोरा असतो. :)

गोळी_औषध
मी फार्मासिस्ट, पुण्यात. पैशाच्या बाजूने थोडं लिहितो, कारण घरभेटीत शेवटी प्रश्न तिथेच येतो.

१. धर्मादाय रुग्णालयं. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाच्या कायद्यातलं ४१ कक कलम आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना यांनुसार मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. काउंटरवर हे आपणहून सांगत नाहीत. तिथल्या समाजसेवकाला भेटायचं. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, माणूस आयसीयूत असताना दाखला काढायला धावता येत नाही.

२. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. यादीतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, आधी त्याला गाठा.

३. सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे, ऑक्टोबर २०२४ पासून. त्याचं वेगळं कार्ड काढावं लागतं. तुमच्या तरुण संघाला हे काम द्या : एका रविवारी उपासनेनंतर मोबाईल घेऊन बसायचं आणि सगळ्या आजी-आजोबांची कार्डं काढून द्यायची. मला विचाराल तर शुगरच्या शिबिरापेक्षा या शिबिराचा उपयोग जास्त.

नगरची_लेक
गोळी_औषध, हे भारीच. कमिटीला 'शिबिर' मिळालं आणि मला माझं काम! बॅनरसुद्धा लावू दे.

सोलापुरी_चादर
निधी कुठून आणणार? आमच्याकडे प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारचं वेगळं अर्पण 'गरीब फंडा'त जातं. पण तो फंड बँकेत पडून असतो आणि वार्षिक सभेत शिल्लक वाचून दाखवतात. खर्च करायला कोणाची छाती होत नाही.

कापूसकोंड्या
कापणीच्या सणाचा लिलाव! आमच्याकडे मागच्या वर्षी एक कोंबडा तीनदा विकला गेला. घेणाऱ्याने पुन्हा मंडळीला दिला, पुन्हा बोली, पुन्हा दिला. कोंबड्याला वाटलं असेल आपण बिशप झालो.

पाचूबंदर
:D :D

निवृत्त_पाळक
मिझोराममध्ये 'बुहफाई थाम' आहे. प्रत्येक वेळी स्वयंपाक करताना बाई एक मूठ तांदूळ बाजूला ठेवते, ते गोळा होऊन चर्चला जातात. १९१० पासून चालू आहे आणि त्यावर तिथल्या मंडळ्यांनी केवढं काम उभं केलंय. आपल्याकडेही ज्वारी-बाजरीची मूठ काढणाऱ्या आजीबाई मी पाहिल्यात.

पण खरं सांगू का, या कामाला पैसा फार लागतच नाही. बीपीचं मशीन दीड-दोन हजारात येतं. त्यापुढे लागतं ते सामान : वॉकर, कमोडची खुर्ची, एअर बेड. कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर ते पडलेलं असतं, म्हातारं माणूस गेल्यावर बघवत नाही म्हणून वर टाकलेलं. मंडळीत एकदा सांगा, खोली भरेल. वही ठेवा, कोणाकडे काय गेलं ते लिहा.

मिरजेची_सिस्टर
बीपी मोजणार असाल तर नीट मोजा. उपासना संपते, सगळे चहा घेतात आणि हातात कप घेऊन रांगेत येतात. चहानंतर अर्धा तास तरी थांबायचं. पाच मिनिटं खुर्चीला पाठ टेकून शांत बसवायचं, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून नाही, उघड्या दंडावर, छातीच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही (महिला मंडळासाठी हे सगळ्यात कठीण). मिनिटभर थांबून दुसऱ्यांदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. १८० वर १२० किंवा जास्त आला तर थोडं थांबून पुन्हा, आणि तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत छातीत दुखतंय, बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं झालंय असं काही असेल तर बाकी सगळं सोडून १०८.

आणि खाटेवरच्या माणसाच्या घरच्यांना कूस बदलायला शिकवा. दर दोन तासांनी. माकडहाड, टाचा, खुबे रोज बघायचे, कातडी लाल होऊन दाबल्यावरही लालच राहिली तर तिथून जखम सुरू होते. त्या भागाला चोळायचं नाही. हे अर्ध्या तासात शिकवता येतं आणि त्याने माणसाचे महिन्याचे हाल वाचतात.

शेवंती_खानदेश
एक गंभीर गोष्ट. आमच्या नात्यातल्या एका मुलीला लहानपणापासून मधुमेह, इन्सुलिनवर. आरोग्यप्राप्तीच्या एका सभेत तिला सांगितलं की तू बरी झालीस, इन्सुलिन घेणं म्हणजे अविश्वास. तिसऱ्या दिवशी ती बेशुद्ध. वेळेत नेलं म्हणून वाचली. तिच्या आईला अजून वाटतं की आपलाच विश्वास कमी पडला. ते ऐकून मला जास्त त्रास होतो.

तुमच्या गटाने हे स्पष्ट बोलावं. वेदीवरून बोलावं.

जालना_जंक्शन
शेवंतीताई, हे वाचून मी गप्प बसू शकत नाही. माझा आरोग्यदानावर पूर्ण विश्वास आहे, मी स्वतः अनुभवलंय. पण औषध बंद करा असं सांगायचा अधिकार प्रार्थना करणाऱ्याला नाही. बरं झालं असेल तर डॉक्टरच्या तपासणीत दिसेलच की. प्रभूने कुष्ठरोग्याला बरं केल्यावर "जाऊन याजकाला दाखव" असंच सांगितलं. याजकाने तपासायचं होतं.

त्या मुलीच्या आईला कोणीतरी जाऊन हे सांगा. तिचा विश्वास कमी पडलेला नाही.

निवृत्त_पाळक
जालनाभाऊ, आमेन.

रानजाई
सगळे बीपी-शुगरवर बोलताहेत. दारूवर कोणी बोलेल का?

माझे वडील प्यायचे. मंडळीची माणसं आमच्या घरी यायची बंद झाली होती, वाईट मनाने नाही, संकोचाने. आईला कॅन्सर असता तर डबे आले असते. दारूच्या घरी डबा येत नाही. मुंबईत गेल्यावर कळलं की अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (एए, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) सभा कितीतरी ठिकाणी चर्चच्या आणि शाळांच्या हॉलमध्ये भरतात. मंडळीने फक्त एक खोली आणि पंखा द्यायचा, बाकी काही नाही. उपदेशसुद्धा नको. वडील तिथेच सुधारले. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन असतं, आई तिथे जायची.

तसंच मनाच्या आजाराचं. मुलगा खोलीतून बाहेर येत नाही, झोपत नाही, आणि घरचे म्हणतात अभ्यासाचा ताण आहे. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात. तो चर्चच्या नोटिस बोर्डवर लावा. लावताना कोणी विचारणार नाही की कोणासाठी लावलाय.

इलिनॉयची_मावशी
रानजाई, "दारूच्या घरी डबा येत नाही" हे अगदी खरं आहे. इथेही येत नाही.

शांतारस
आणखी एक छोटी गोष्ट : चर्चच्या पायऱ्या. आमचं देऊळ शंभर वर्षांहून जुनं, दगडी, सुंदर, आणि दारात सात उंच पायऱ्या, कठडा नाही. पाच-सहा आज्या फक्त त्या पायऱ्यांमुळे येत नव्हत्या. कोणी कठड्याचं नाव काढलं की शोभा जाईल म्हणायचे. शेवटी एका वेल्डरने बिनपैशाने लोखंडी कठडा बसवला. त्या आता येतात. आणि संडास बघा, जुन्या चर्चमध्ये तो आवाराच्या पार टोकाला असतो. ज्याला दर तासाला जावं लागतं तो माणूस दोन तासांच्या उपासनेला येणारच नाही.

पिंपळपान
कोविडच्या काळात आमच्या सोसायटीत दहा-दहा घरांमागे एक माणूस असं वाटून घेतलं होतं, रोज एक फोन. तुमच्या दीडशे कुटुंबांना पंधरा माणसं पुरतील. सुचवून ठेवतो.

नगरची_लेक
सगळ्यांचे किती आभार मानू? काल कमिटीची बैठक झाली, तुमचे बरेचसे मुद्दे तिथे वाचून दाखवले. असं ठरलंय :

आधी प्रभुभोजनाची नोंदवही काढायची. गेले सहा महिने जे आले नाहीत त्यांची नावं बाजूला. तीच पहिली यादी. सहा जोड्या, दर जोडीकडे चार-पाच घरं, पंधरवड्याला एक भेट, त्याच त्या माणसांनी. पहिल्या भेटीत काही तपासायचं नाही, नुसतं बसायचं. अबोलीचे तीन प्रश्न छापून सगळ्यांना दिलेत, आणि आजाऱ्यांची यादी आता विचारल्याशिवाय वाचली जाणार नाही असा ठरावच झाला. इंजेक्शन, सलाईन नाही. औषध बंद करायला कोणी सांगणार नाही. फेब्रुवारीत क्रिश्चन मेडिकल असोसिएशनचा हीलिंग मिनिस्ट्री वीक असतो, त्या रविवारी पाळकसाहेब शेवंतीताईंच्या मुद्द्यावर संदेश देणार आहेत. कार्डांचं शिबिर त्याच्या आदल्या शनिवारी.

एएच्या सभेसाठी खोली द्यायला दोघांचा विरोध आहे. "चर्चच्या आवारात दारुडे कशाला" म्हणाले. ते अजून सुटलेलं नाही. रानजाई, तुझी पोस्ट नाव न घेता पुढच्या बैठकीत वाचली तर चालेल का?

एक काळजी आहे. आमचे पाळकसाहेब या कामामागे उभे आहेत, पण पुढच्या वर्षी त्यांची बदली होईल. मग?

रानजाई
वाच. आणि माझा आयडी सांगितलास तरी चालेल.

निवृत्त_पाळक
बदलीची काळजी रास्त आहे. माझ्यामागे बंद पडलेली कामं मला माहीत आहेत. जी पाळकाच्या नावावर होती ती बंद पडली, महिला मंडळाच्या वहीत होती ती चालू राहिली. तेव्हा गटाचा अध्यक्ष पाळक नको. वही, किल्ली आणि पैसे मंडळीच्या माणसांकडे. नवे पाळक आले की पहिल्याच आठवड्यात त्यांना एखाद्या जोडीबरोबर घरभेटीला न्या.

जालना_जंक्शन
नगरमध्ये माझी मावसबहीण त्याच भागात राहते, कदाचित तुमच्याच मंडळीत. पाय मोडल्यापासून घरात आहे. तिला विचारून तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सोलापुरी_चादर
आमच्या माळ्यावर कमोडची खुर्ची आणि वॉकर आहे, वडिलांचे. धुऊन ठेवतो. शुक्रवारी भावाचा टेम्पो नगरला येतोय, कुठे उतरवायचं ते सांगा.

नगरची_लेक
चर्चच्या मागच्या गेटने, दुपारी चारनंतर. मी असेन. व्यनि बघा, नंबर पाठवलाय.